१४५ प्रश्न विरुद्ध १२: फ्लॉवर्स खटल्यातली ‘व्हॉयर डायर’

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात कर्टिस फ्लॉवर्स या माणसावर चार खुनांच्या एकाच घटनेसाठी सहा वेळा खटला चालला. सहाही वेळा सरकार पक्षाचा मुख्य वकील एकच होता, डिस्ट्रिक्ट अटर्नी डग इव्हान्स. चार खटल्यांत मृत्युदंड झाला, दोनांत ज्यूरीचं एकमत झालं नाही. ते चारही मृत्युदंड पुढे रद्द झाले. पहिले दोन सरकारी वकिलाच्या खटल्यातल्या गैरवर्तनामुळे गेले. उरलेले दोन मात्र पहिला साक्षीदार उभा राहण्याआधी कोर्टात जे घडलं त्यामुळे गेले, म्हणजे ज्यूरी निवडताना. २१ जून २०१९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी दिलेला ‘फ्लॉवर्स विरुद्ध मिसिसिपी’ हा निकाल फ्लॉवर्स दोषी की निर्दोष याबद्दल काही सांगत नाही. कोणाला किती आणि काय प्रश्न विचारले गेले, एवढ्याभोवतीच तो फिरतो.

व्हॉयर डायर म्हणजे काय

ज्यूरीवर बसू शकतील अशा लोकांना शपथेवर प्रश्न विचारायचे आणि त्यांच्यातल्या कोणाला वगळायचं हे ठरवायचं, या सुनावणीला ‘व्हॉयर डायर’ म्हणतात. शब्द जुन्या कायदेशीर फ्रेंचमधला आहे. खरं सांगण्याची जी शपथ दिली जायची, त्या शपथेवरून हे नाव पडलं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कोर्टांत त्याचा उच्चार निराळाच ऐकू येतो, पण अर्थ तोच.

हीच संज्ञा साक्षीदाराच्या प्राथमिक तपासणीलाही लावतात. भारतात ज्यूरी राहिली नाही, तरी सत्र न्यायालयात बालसाक्षीदार उभा राहिला की न्यायाधीश आधी त्याला शाळा, इयत्ता, देव, खरं-खोटं असे साधे प्रश्न विचारतात. मुलाला प्रश्न कळतात का आणि नीट उत्तर देता येतं का, हे पाहून तशी नोंद करतात. आपल्या निकालपत्रांत यालाही व्हॉयर डायर म्हटलेलं सापडतं. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ११८ याचा आधार होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १२४ आहे. पण रोजच्या अमेरिकी वापरात हा शब्द आला की ज्यूरी निवडच समजायची.

‘निवड’ हा शब्दही जरा फसवा आहे. दोन्ही बाजूंचे वकील मिळून बारा चांगली माणसं शोधून काढतात असं चित्र त्यातून उभं राहतं. प्रत्यक्षात कोणताच वकील कोणालाही निवडू शकत नाही, त्याच्या हातात असतं ते फक्त वगळणं. दोघांनी नको म्हटलेली माणसं बाजूला गेल्यावर जे उरतात, ती ज्यूरी. हे ध्यानात ठेवलं की पुढचे सगळे आकडे उलगडतात.

कोर्टात नेमकं काय होतं

मतदार यादी, वाहन परवान्यांची यादी अशा ठिकाणांहून नावं काढून समन्स पाठवतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतही हे पाकीट येतं आणि दरवेळी थोडी धावपळ उडते. ज्यूरीवर फक्त नागरिक बसू शकतो. ग्रीन कार्डवाल्याला समन्स आलं तर कागद टोपलीत टाकायचा नाही. नागरिक नसल्याच्या रकान्यात खूण करून तो परत पाठवायचा. नागरिक असाल तर हजर राहावंच लागतं.

ठरलेल्या दिवशी जमलेल्या गटाला शपथ देतात. न्यायाधीश आरोप वाचून दाखवतात, वकिलांची आणि संभाव्य साक्षीदारांची नावं सांगतात आणि यातल्या कोणाला ओळखता असं विचारतात. हात वर होतात. मग सगळ्यांना मिळून प्रश्न: पोलिसात कोणी नातेवाईक आहे का, तुमच्यावर किंवा घरच्यांवर कधी गुन्हा घडला का, या प्रकरणाविषयी काही वाचलं-ऐकलं का. त्यानंतर एकेकाला वेगळे प्रश्न. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टांत बरेचदा न्यायाधीश स्वतःच बहुतेक प्रश्न विचारतात, राज्यांच्या अनेक कोर्टांत वकिलांना मोकळीक असते. मृत्युदंडाच्या खटल्यात त्या शिक्षेबद्दलचं मतही विचारतात. कोणत्याही परिस्थितीत मृत्युदंड देणार नाही असं म्हणणारा माणूस वगळला जाऊ शकतो, आणि दोषी ठरला की मृत्युदंडच देणार असं म्हणणाराही.

वगळण्याचे मार्ग दोन. पहिला सकारण हरकतीचा: हा माणूस आरोपीचा मेव्हणा आहे, किंवा निष्पक्ष राहता येणार नाही असं त्यानेच कबूल केलं आहे. अशा हरकतींना संख्येची मर्यादा नाही, पण कारण न्यायाधीशांना पटावं लागतं. दुसरा मार्ग पेरेम्प्टरी स्ट्राइकचा. इथे कारण द्यावं लागत नाही, पण संख्या ठरलेली असते. फेडरल कोर्टात मृत्युदंडाच्या खटल्यात दोन्ही बाजूंना २०-२०, इतर गंभीर गुन्ह्यांत सरकारला ६ आणि बचाव पक्षाला १०, किरकोळ गुन्ह्यांत ३-३. राज्याराज्यांत हे आकडे बदलतात.

सगळं पाणी मुरतं ते या दुसऱ्या मार्गात. कारण सांगायचंच नसेल, तर खरं कारण माणसाच्या कातडीचा रंग आहे हे कोणी सिद्ध कसं करायचं?

बॅटसनची तीन पायऱ्यांची कसोटी

१९६५ च्या ‘स्वेन विरुद्ध अलाबामा’ निकालाने हे सिद्ध करणं जवळपास अशक्य करून ठेवलं होतं. सरकारी वकील खटल्यामागून खटल्यांत कृष्णवर्णीयांना वगळत आला आहे, असा लांबलचक इतिहास आरोपीने मांडावा अशी त्याची अपेक्षा होती. कोर्टातल्या जुन्या कागदांत कोणाचा वर्ण लिहिलेला नसतो, तेव्हा हा इतिहास आणायचा कुठून?

३० एप्रिल १९८६ रोजी ‘बॅटसन विरुद्ध केंटकी’मध्ये ही अट गेली. लुईव्हिल शहरातला घरफोडीचा खटला होता. सरकारी वकिलाने उपलब्ध चारही कृष्णवर्णीयांना वगळलं आणि ज्यूरी पूर्ण गोरी झाली. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरोपी आपल्या एकाच खटल्यातल्या घटनांवरून भेदभाव दाखवू शकतो. त्यासाठी तीन पायऱ्या ठरल्या. हरकत घेणाऱ्याने आधी भेदभावाचा प्रथमदर्शनी संशय दाखवायचा. मग स्ट्राइक वापरणाऱ्याने वर्णाशी संबंध नसलेलं कारण द्यायचं. शेवटी ते कारण खरं की बहाणा, हे न्यायाधीशांनी ठरवायचं.

कागदावर कसोटी नेटकी दिसते, पण दुसरी पायरी फारच ठेंगणी निघाली. १९९५ च्या ‘पर्केट विरुद्ध एलेम’ प्रकरणात सरकारी वकिलाने लांब, विस्कटलेले केस आणि मिशी-दाढी हे कारण दिलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, दुसऱ्या पायरीवर कारण पटण्यासारखं असण्याची गरज नाही, ते वर्णाशी जोडलेलं नसलं की पुरे. मग सगळा भार तिसऱ्या पायरीवर, आणि तिथे बसलेल्या न्यायाधीशांच्या धैर्यावर. रोज त्याच कोर्टात उभ्या राहणाऱ्या सरकारी वकिलाला ‘तुम्ही खोटं कारण देताय’ असं तोंडावर सांगणं सोपं नसतं. व्यवहारात कसोटी बहुतेकदा इथेच लंगडते, असं आमचं मत आहे.

वायनोना गाव

वायनोना हे उत्तर मिसिसिपीतलं जेमतेम ५,००० वस्तीचं गाव. सुमारे ५३ टक्के लोक कृष्णवर्णीय, ४६ टक्के गोरे. १६ जुलै १९९६ च्या सकाळी गावातल्या फर्निचरच्या दुकानात चार जणांना गोळ्या घालून मारण्यात आलं. त्यांतले तीन गोरे होते. आरोप फ्लॉवर्सवर आला. तो कृष्णवर्णीय, आधी याच दुकानात काही काळ कामाला होता.

पहिला खटला १९९७ मध्ये टुपलो इथे चालला. बाकी ज्यूरर ठरल्यावर उरलेल्या पाचही कृष्णवर्णीयांवर सरकारने स्ट्राइक वापरले आणि पूर्ण गोरी ज्यूरी बसली. १९९९ च्या दुसऱ्या खटल्यात, गल्फपोर्टमध्ये, पुन्हा पाचच्या पाच. मात्र इथे न्यायाधीशांनी एका व्यक्तीबाबतचं सरकारचं कारण बहाणा आहे असं ठरवून तिला ज्यूरीत परत बसवलं. ज्यूरी ११ गोरे आणि १ कृष्णवर्णीय अशी झाली. दोन्ही शिक्षा मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने अनुक्रमे २००० आणि २००३ मध्ये रद्द केल्या. खटला एका बळीच्या खुनाचा असताना इव्हान्स बाकीच्या खुनांचा पुरावा सारखा पुढे आणत होते, हे त्यातलं एक मुख्य कारण.

तिसरा खटला २००४ मध्ये खुद्द वायनोनात, चारही खुनांसाठी. इथे लोकसंख्येच्या हिशेबाने ज्यूरीच्या गटात कृष्णवर्णीय बरेच होते. सरकारने आपले सगळे १५ स्ट्राइक कृष्णवर्णीयांवरच वापरले. एक कृष्णवर्णीय ज्यूरर बसला, तोही स्ट्राइक संपले म्हणून. २००७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा बॅटसनच्या उल्लंघनावरून रद्द केली.

चौथ्या खटल्यात, २००७ मध्ये, सरकारने वापरलेले ११ स्ट्राइक सगळे कृष्णवर्णीयांवर. तरी गटातच त्यांची संख्या मोठी असल्यामुळे पाच जण ज्यूरीत राहिले. २००८ च्या पाचव्या खटल्यात तीन राहिले. या दोन्ही खटल्यांत एकमत झालं नाही. म्हणजे कृष्णवर्णीय ज्यूरर एकापेक्षा जास्त असलेले खटले दोनच, आणि नेमके तेच अनिर्णित. ज्या चारांत त्यांची संख्या शून्य किंवा एक होती, तिथे मृत्युदंड. चौथ्या खटल्यात सरकारने मृत्युदंड मागितला नव्हता, त्यामुळे ही तुलना अगदी काटेकोर नाही. पण डिस्ट्रिक्ट अटर्नीच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला ती दिसली नसेल, हे मानणं कठीण आहे.

सहावा खटला: जून २०१०

हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, म्हणून तो नीट पाहू. अंतिम टप्प्यात २६ संभाव्य ज्यूरर होते, त्यांतले सहा कृष्णवर्णीय. सरकारने सहा स्ट्राइक वापरले, पाच कृष्णवर्णीयांवर. एका कृष्णवर्णीयाला मात्र बसू दिलं. असा एखादा माणूस ठेवणं ही जुनी चाल आहे, ‘बघा, आम्ही एकाला घेतलंच की’ असं पुढे म्हणता येतं. २००५ च्या ‘मिलर-एल’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती ओळखली होती, त्यामुळे इथे ती फारशी कामाला आली नाही.

आता प्रश्नांचा हिशेब. वगळलेल्या पाच कृष्णवर्णीयांना सरकार पक्षाने मिळून १४५ प्रश्न विचारले. ज्यूरीत बसलेल्या ११ गोऱ्यांना मिळून १२. सरासरी एकाला २९, दुसऱ्याला एक.

एवढी तफावत का बोलकी ठरते? पाच हजारांच्या गावात प्रत्येकाचे धागेदोरे असतात. कोणाची मुलं साक्षीदाराच्या मुलांबरोबर शिकलेली, कोणाचं आरोपीच्या घरच्यांच्या चर्चला जाणं-येणं, कोणाचं दुकानात खातं. खोदत गेलं की कोणाहीबद्दल काहीतरी निघतंच. ज्याला २९ प्रश्न विचारले त्याच्याबद्दल कागदावर तीन-चार कारणं जमा होतात, आणि ज्याला एकच प्रश्न विचारला तो कागदावर स्वच्छ राहतो. मग बॅटसनच्या दुसऱ्या पायरीवर उभं राहून वकील सांगतो: साहेब, वर्णाचा काही संबंध नाही, हिच्या ओळखीच बघा. कारण खोटं नसतं, पण शोधलेलं असतं, आणि एकाच बाजूला शोधलेलं असतं. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हनॉ यांनी हेच मांडलं: असमान प्रश्न विचारून अशी नोंद तयार करता येते की जणू स्ट्राइकचा वर्णाशी काही संबंध नव्हता, न विचारलेल्या प्रश्नांमुळे तुलना करायला माहितीच उरत नाही.

सरकारचा बचाव असा की कृष्णवर्णीय लोक फ्लॉवर्सच्या कुटुंबाला जास्त ओळखत होते, म्हणून प्रश्न जास्त. काही प्रश्नांपुरतं ते खरंही असेल. पण गोऱ्यांच्या बाबतीत हा तर्क लागू करून पाहिला की तो ढासळतो, आणि त्यासाठी एका स्त्रीचा स्ट्राइक जवळून बघावा लागतो.

ती कृष्णवर्णीय होती. तिला वगळण्याची सरकारने दिलेली कारणं: ती बऱ्याच साक्षीदारांना ओळखते, ती ज्या वॉलमार्टमध्ये काम करत होती तिथे फ्लॉवर्सचे वडीलही होते, आणि त्या फर्निचर दुकानाने थकबाकीसाठी तिच्यावर दावा लावला होता.

एकेक कारण घेऊ. प्रकरणाशी संबंधित ३४ लोकांना ती ओळखत होती. पण ज्यांना सरकारने वगळलं नाही अशा तीन गोऱ्या संभाव्य ज्यूररांच्या ओळखी होत्या ३१, २७ आणि १८. त्यांना या ओळखींबद्दल सरकारने एकेकट्याने एकही पुढचा प्रश्न विचारला नाही. ३४ ओळखी अडचणीच्या आणि ३१ चालतात, असा नियम कोणी सांगितला तर कोर्टात हसूच होईल. वॉलमार्टबद्दल: ते मोठं दुकान. दोघं एका विभागात होते किंवा रोज भेटायचे, असं नोंदीत कुठेच नाही, आणि सरकारनेही तसा दावा केला नाही. उलट, गोऱ्या उमेदवारांपैकी बँकेत काम करणाऱ्यांकडे फ्लॉवर्सच्या घरचे लोक येत-जात असत, आणि त्यांना तेही विचारलं गेलं नाही. दुकानाच्या दाव्याबद्दल: ती रक्कम फिटली होती आणि त्याचा आपल्या निर्णयावर परिणाम होणार नाही असं तिने शपथेवर सांगितलं होतं. भरीला सरकारने असंही म्हटलं की तिने फ्लॉवर्सच्या एका बहिणीबरोबर काम केलं आहे. ते चुकीचं होतं, न्यायाधीशांनी तिथल्या तिथे तसं सांगितलं. नावं उलटसुलट झाली असतील कदाचित. पण एखाद्याला वगळण्याचं कारण दुसऱ्याच माणसाचं निघावं, हे त्या कारणांकडे किती लक्ष दिलं गेलं होतं ते सांगतं.

या पद्धतीला वकील ‘तुलनात्मक विश्लेषण’ म्हणतात. वगळलेल्या माणसाबद्दल दिलेलं प्रत्येक कारण घ्यायचं आणि तेच लक्षण असलेला, पण न वगळलेला दुसरा माणूस शोधायचा. सापडला की कारण उघडं पडतं. काम किचकट आहे, शेकडो पानांची नोंद ओळीओळीने वाचावी लागते. पण दुसरा भरवशाचा मार्ग नाही. जॉर्जियातल्या ‘फॉस्टर विरुद्ध चॅटमन’ प्रकरणात, २०१६ मध्ये, सरकारी वकिलांच्या फाइलीतली यादीच हाती आली: कृष्णवर्णीयांची नावं हिरव्या रंगाने रंगवलेली, शेजारी ‘बी’ अक्षर. असा ऐवज सहसा कोणाच्या हाती लागत नाही. फ्लॉवर्स प्रकरणात तसं काहीच नव्हतं, होती ती नुसती मोजणी.

निकाल

२०१४ मध्ये मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने सहाव्या खटल्याची शिक्षा कायम केली. २०१६ मध्ये फॉस्टर निकालाच्या उजेडात पुन्हा विचार करा, असं सांगून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण परत पाठवलं. २०१७ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी शिक्षा पुन्हा कायम. शेवटी २० मार्च २०१९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद झाला. त्या दिवशी तीन वर्षांत प्रथमच न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी प्रश्न विचारला: बचाव पक्षाने स्ट्राइक वापरले होते का, आणि कोणावर? उत्तर आलं, वापरले होते, गोऱ्यांवर. प्रश्न रोख धरून होता, आणि तांत्रिकदृष्ट्या गैरलागू नाही: १९९२ च्या ‘मॅकॉलम’ निकालापासून बॅटसनचा नियम बचाव पक्षालाही बांधतो.

बहुमताने चार गोष्टी एकत्र ठेवल्या. आधीच्या खटल्यांतला इतिहास. सहाव्या खटल्यात सहांपैकी पाच जणांना वगळणं. १४५ विरुद्ध १२. आणि त्या एका स्त्रीची तुलना. पाचवा सोडून बाकीच्या खटल्यांत सरकार ज्यांना स्ट्राइक करू शकत होतं अशा ४२ कृष्णवर्णीयांपैकी ४१ जणांवर त्याने स्ट्राइक वापरला. यातली कोणतीही एक गोष्ट एकटी पुरेशी आहे का, याचं उत्तर न्यायालयाने दिलंच नाही. चारही मिळून पाहता खालच्या न्यायाधीशाची स्पष्ट चूक झाली, एवढंच म्हटलं. यात एक गंमत आहे. स्वेनने मागितलेला ‘अनेक खटल्यांचा इतिहास’ बॅटसनने सक्तीचा ठेवला नाही, पण बादही केला नाही. इथे तोच वकील, तोच आरोपी, तेच गाव असल्यामुळे तो इतिहास आयताच हाती होता.

थॉमस यांनी विरोधी मत दिलं, न्यायमूर्ती गोर्सच त्यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत झाले. खालच्या न्यायाधीशाने ज्यूररांना प्रत्यक्ष पाहिलं-ऐकलं असताना वरून कागद मोजून त्याला खोटं ठरवणं बरोबर नाही, हा त्यांचा मुद्दा. तो अगदीच फेटाळण्याजोगा नाही. उत्तर देताना चाचरणं, नजर चुकवणं, हे नोंदीत उतरत नाही. पण सरकारने दिलेली कारणं हावभावांची नव्हती, ओळखी आणि नात्यांची होती, आणि ती कागदावर तपासता येत होती.

पुढे डिसेंबर २०१९ मध्ये फ्लॉवर्सला जामीन मिळाला. जानेवारी २०२० मध्ये इव्हान्स खटल्यातून बाजूला झाले. ४ सप्टेंबर २०२० रोजी राज्याच्या अटर्नी जनरलच्या कार्यालयाच्या अर्जावरून आरोप काढून घेण्यात आले. जवळपास २३ वर्षं तो तुरुंगात होता. २०२१ मध्ये राज्याने ५ लाख डॉलरची भरपाई द्यायची ठरलं, वर्षाला ५० हजार याप्रमाणे दहा वर्षं.

काम कुठे बिघडतं

पाचव्या खटल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाला वर्णाच्या अंगाने काहीच सांगता आलं नाही, कारण वगळलेल्यांचा वर्ण नोंदीत नव्हता. लघुलेखक बोललेलं लिहितो, दिसलेलं नाही. म्हणून बचाव पक्षाच्या वकिलाने प्रत्येक स्ट्राइकनंतर ‘वगळलेली व्यक्ती कृष्णवर्णीय आहे, गटात अमुक कृष्णवर्णीय होते, आता इतके उरले’ असं मोठ्याने बोलून नोंदवून घ्यायचं असतं. लेखी प्रश्नावल्या अपिलाच्या फाइलीत जातील, हेही पाहायचं असतं. त्या हरवल्या की तुलनेचं अर्धं साहित्य गेलं.

दुसरी गफलत वेळेची. ज्यूरीला शपथ देण्याआधी हरकत घेतली नाही, तर ती बहुतेक ठिकाणी गेली म्हणायची. तिसरी न्यायाधीशांकडून होते: प्रत्येक स्ट्राइक सुटा तपासणं. पाच कारणं एकेकटी पाहिली तर पाचही चालून जातील. पाचही शेजारी ठेवून न वगळलेल्या गोऱ्यांशी ताडली, तरच आकार दिसतो. चौथी न्यायाधीश आणि वकील दोघांचीही: ‘तरीही तुम्ही निष्पक्ष राहाल ना?’ असा होकार काढणारा प्रश्न. कोर्टात, शपथेवर, काळा झगा घातलेल्या माणसासमोर, नाही कोण म्हणणार? ‘ही ओळख निर्णय घेताना कुठे आड येईल असं वाटतं?’ असं मोकळं विचारलं तर माणूस खरं बोलतो.

आपल्याकडची ज्यूरी

१९५९ साली मुंबईच्या सत्र न्यायालयात नानावटी खटल्याला नऊ जणांची ज्यूरी होती. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार ज्यूरर चिठ्ठ्या काढून बोलावत आणि पक्षपातासारख्या कारणांवर हरकत घेता येई. अमेरिकेसारखी दिवसचे दिवस चालणारी उलटतपासणी नव्हती. वर्तमानपत्रांनी महिनोन्‌महिने रान उठवलेलं असताना ‘तुम्ही काय वाचलंत, मत बनलंय का’ हे खोदून विचारण्याची ही पद्धत असती, तर ८ विरुद्ध १ असा निर्दोषत्वाचा कौल तसाच आला असता का, हा प्रश्न मुंबईच्या जुन्या वकिलांना सोडत नाही. सत्र न्यायाधीशांनी तो कौल मान्य न करता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे शिक्षा झाली. १९७३ च्या संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही.

बॅटसनच्या पुढे

१९८६ मध्येच न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी बजावलं होतं की पेरेम्प्टरी स्ट्राइक आहेत तोवर भेदभाव थांबणार नाही, ते काढूनच टाका. इंग्लंडने १९८८ च्या कायद्याने ते काढले. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने २०१८ मध्ये सामान्य नियम ३७ आणला. त्यात वकिलाचा हेतू सिद्ध करावा लागत नाही. तटस्थ पाहणाऱ्याला वर्ण हे एक कारण असू शकतं असं वाटलं, की स्ट्राइक नामंजूर. पोलिसांवर अविश्वास असणं, गुन्हेवस्तीत राहणं अशी जी कारणं वर्षानुवर्षं दिली जात, ती तिथे मुळातच संशयास्पद धरली आहेत. कॅलिफोर्नियाने त्याच वळणाचा कायदा फौजदारी खटल्यांसाठी २०२२ पासून लागू केला.

अॅरिझोना सगळ्यांच्या पुढे गेलं. १ जानेवारी २०२२ पासून तिथे पेरेम्प्टरी स्ट्राइक नाहीतच, उरली ती फक्त सकारण हरकत. वकिलांच्या हातून हत्यार गेल्यामुळे भार आला तो प्रश्नांवर: जास्त तपशिलाच्या लेखी प्रश्नावल्या, वकिलांना प्रश्न विचारायला पुरेसा वेळ, आणि प्रत्येक वगळण्यामागे न्यायाधीशांनी उघड कोर्टात मान्य केलेलं कारण.